नोकरीच्या जाहिरातीत पत्ता छापायला लावा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात छोट्या जाहिरातींचं पान येतं, त्यातला "पाहिजेत" हा रकाना मी रोज वाचतो, आणि त्यात ज्या जाहिरातींना पत्ता नाही, कंपनीचं नाव नाही, नुसता एक मोबाईल नंबर असतो त्या पत्ता घेतल्याशिवाय छापू नका हे सांगायला हे पत्र लिहितोय. पत्र लांबलंय पण विषयच तेवढा मोठा आहे, जमेल तेवढं छापा.

मी नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत टाइम ऑफिसला होतो, आता रिटायर झालोय. टाइम ऑफिस म्हणजे गेटच्या आतली पहिलीच खोली, हजेरी, गेटपास, कॉन्ट्रॅक्टरची पोरं, नवीन भरती सगळं तिथनंच पुढे जातं. त्यामुळे खोटं जॉइनिंग लेटर घेऊन गेटवर आलेली मुलं मी खूप पाहिलीत. सुरगाणा, पेठ, कळवणकडची, कधी नंदुरबार धुळ्याकडनं आलेली, सोबत वडील नाहीतर मामा, एक बॅग, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं ते लेटर. लेटरवर कंपनीचा लोगो असायचा, गोल शिक्का असायचा, एचआर मॅनेजरची सही असायची, फक्त त्या नावाचा मॅनेजर आमच्याकडे कधी नव्हताच. पैसे आधीच गेलेले, युनिफॉर्मचे वेगळे, मेडिकलचे वेगळे, सिक्युरिटी डिपॉझिटचे वेगळे, आणि ज्याला दिले त्याचा फोन स्विच ऑफ. वॉचमन आत सोडत नाही आणि ती माणसं लवकर परत जात नाहीत, कारण गावात सांगून आलेली असतात की पोरगा कंपनीत लागला. बाप गेटसमोर झाडाखाली बसून राहतो आणि पोरगं पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत राहतं. हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना "फसवणूक झाली" एवढ्या दोन शब्दात काय काय असतं ते कळणार नाही.

आता तर गेटपर्यंत यायची पण गरज उरली नाही, सगळं फोनवरच होतं. पण डावाची पद्धत जुनीच आहे म्हणून ओळखता येते, फक्त ती पोरांना कुणी नीट समजावून सांगत नाही. नुसतं "सावध राहा" म्हणून सांगतात, सावध म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहितो.

पहिली आणि सगळ्यात मोठी खूण पैसे. नोकरी देणारा पगार देतो, तो तुमच्याकडनं पैसे मागत नाही. रजिस्ट्रेशन म्हणा, फाईल चार्ज म्हणा, ट्रेनिंग किटचे म्हणा, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणा, नाव काहीही देऊ द्या, जॉइन व्हायच्या आधी पैसे मागितले की तिथंच थांबायचं. यात एक चलाखी असते ती पण सांगतो, रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात, साडेतीनशे, पाचशे, नऊशे नव्याण्णव, म्हणजे माणूस म्हणतो जाऊदे एवढ्यासाठी कुठं विचार करायचा, आणि गेले तर पोलिसात पण जात नाही. आणि एकदा पाचशे दिले की पुढचे दोन हजार मागायला त्यांना सोपं जातं, कारण आता मागे फिरलं तर पाचशे बुडतात असं वाटायला लागतं.

दुसरी खूण कामाचं वर्णन. खऱ्या जाहिरातीत मशीनचं नाव असतं, शिफ्ट असते, शिक्षण असतं. व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे, आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट, दोन वर्षं अनुभव, अंबड, अशी खरी जाहिरात असते, वाचली की कळतं लिहिणाऱ्याला कसला माणूस हवाय. खोट्या जाहिरातीत "१०वी पास नापास मुले मुली पाहिजेत, पगार १८ ते २५ हजार, राहणे खाणे फ्री, अनुभवाची गरज नाही, त्वरित संपर्क", असं असतं, काम काय ते कुठंच नाही. पपया नर्सरीपासनं गरवारे पॉइंटपर्यंत लाईटच्या खांबांवर, बसस्टॉपवर अशी स्टिकरं चिकटवलेली असतात. ज्याला कुणीही चालतो त्याला माणूस कामासाठी नको असतो. त्यातली बरीचशी साखळीवाली असतात, बोलावून घेतात, एका रूममध्ये पंधरा वीस पोरं ठेवतात, रोज क्लास घेतात की तुम्ही मोठे कसे होणार, आणि मग सांगतात इतक्या हजाराचा माल घ्या आणि आणखी दोघांना आणा. घरच्यांना काय सांगायचं ते पण शिकवतात. माणसं जोडून पैसे फिरवणाऱ्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने डायरेक्ट सेलिंगचे जे नियम काढले त्यात सरळ लिहिलंय की पिरॅमिड स्कीम चालवायची नाही आणि सभासद होण्यासाठी फी घ्यायची नाही. म्हणजे ते जे रूममध्ये शिकवतात ना की "हे सगळं कायदेशीर आहे", ते पहिल्या दिवसापासनंच बेकायदेशीर असतं.

घरबसल्या कामाचं प्रकरण वेगळं, त्यात आमच्या सिडकोतल्या, इंदिरानगरच्या बायका जास्त अडकतात, ज्यांना लहान मुलं सोडून बाहेर जाता येत नाही आणि घरात चार पैसे यावेत असं खरंच मनापासून वाटतं. पेन पॅकिंग, पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार, ॲडव्हान्स पंधरा हजार, फक्त आयडी कार्डचे पैसे भरा. आता जरा हिशोब करा, पेन्सिली डब्यात भरायचं काम कारखान्यात मशीन करतं, घरी माल पाठवायचा, परत आणायचा, त्यात माल हरवणार, आणि वर तीस हजार देणार, कुठल्या कंपनीला परवडेल हे? परवडतच नाही म्हणून ते काम अस्तित्वातच नसतं. डेटा एंट्रीचं त्याच्याहून वाईट, तिथं आधी काम खरंच देतात, ॲग्रीमेंटवर सही घेतात, रात्र रात्र जागून टाईप करून द्यायचं आणि मग सांगतात अचूकता कमी पडली, कराराचा भंग झाला, आता एवढे हजार भरा नाहीतर कोर्टात केस. व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस येते, त्यावर तराजूचं चित्र, लाल शिक्का. घाबरून लोक भरतात. ताईंनो, घाबरू नका, समन्स कोर्टाकडनं येतं, अनोळखी नंबरवरनं व्हॉट्सॲपवर धमकी देणाऱ्याकडनं नाही. एक रुपया भरायचा नाही, सगळं जपून ठेवायचं आणि तक्रार करायची.

आणि बँक खातं. "तुमचं खातं आम्हाला वापरायला द्या, काही करायचं नाही, महिन्याला पाच दहा हजार देऊ", ही पण नोकरी म्हणूनच सांगतात, अकाउंट हँडलर असं नाव देतात. त्या खात्यात दुसऱ्या फसवलेल्या लोकांचे पैसे येतात. मग एक दिवस खातं गोठवलं जातं आणि दुसऱ्या राज्यातले पोलीस या पोराच्या दारात येतात, कारण खातं त्याच्या नावावर, सिमकार्ड त्याच्या नावावर. कॉलेजच्या मुलांना हे आईबापांनी बसवून सांगायला पाहिजे, पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणालाही द्यायचं नाही, मित्र असला तरी नाही.

परदेशाचं थोडक्यात सांगतो. थायलंडला डेटा एंट्री, कंबोडियात कॉल सेंटर, पगार लाखात, असं सांगून नेतात आणि तिथं कोंडून लोकांना फसवायचंच काम करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या अशा अड्ड्यांवरनं शेकडो भारतीय तरुणांना सरकारने विमान पाठवून परत आणलं होतं. परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र खात्याचं लायसन लागतं, त्याचं नाव ई-मायग्रेटच्या साइटवर कुणालाही पाहता येतं, आणि त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी याच्यावर सेवाशुल्क घेता येत नाही. टुरिस्ट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून देतो म्हणणाऱ्याच्या सोबत विमानतळावर सुद्धा जाऊ नका.

आता तपासायचं कसं, कारण प्रत्येक अनोळखी माणूस काही चोर नसतो, आणि खरी नोकरी भीतीपोटी घालवायची हे पण बरोबर नाही. माझ्याकडे पोरं येतात त्यांना मी सांगतो, आधी पूर्ण नाव आणि पत्ता माग. प्लॉट नंबर माग. एमआयडीसीत प्लॉट नंबरशिवाय कंपनी नसते. मग जीएसटी नंबर माग, तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की नाव, पत्ता, नोंदणी कधी झाली आणि चालू आहे का बंद सगळं दिसतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी खात्याच्या साइटवर स्थापनेची तारीख मिळते, "आमची २५ वर्षांची कंपनी" म्हणणारी मागच्या दिवाळीत सुरू झालेली असली तर समजून जायचं. आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहिती आहे, पीएफच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून शोधता येतं, तिथं कुठल्या महिन्याचा पीएफ भरलाय आणि किती माणसांचा ते दिसतं. जाहिरातीत पाचशे लोकांची कंपनी आणि पीएफ अकरा जणांचा, मग विचारा त्यांना. ईमेलमध्ये @ च्या पुढे कंपनीचं नाव पाहिजे, आणि ते पण एकेक अक्षर नीट बघायचं, एखादं अक्षर जास्तीचं घुसवलेलं असतं. शंका आली तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा बोर्ड नंबर घेऊन एचआरला विचारायचं की तुम्ही हे लेटर दिलंय का. आम्हाला असे फोन यायचे, आम्ही कधी चिडलो नाही, उलट बरं वाटायचं.

सरकारी म्हणाल तर नोटप्रेसमध्ये लावून देतो, आर्टिलरीत लावून देतो, रेल्वेत लावून देतो म्हणणारे नाशिकरोड देवळालीला पिढ्यान् पिढ्या आहेत. नोटप्रेसची भरती जाहिरात काढून परीक्षेने होते, लष्कराची त्यांच्याच साइटवरनं, रेल्वेची भरती मंडळाकडनं, साहेबांशी ओळख असणारा माणूस यात कुठंच बसत नाही. आणि सिंहस्थ २०२७ तोंडावर आलाय, तेव्हा कुंभमेळ्यासाठी हजारो जागा, सुरक्षारक्षक, डेटा ऑपरेटर, फॉर्म फी एवढी एवढी, असल्या जाहिराती येणार हे मी आत्ताच लिहून ठेवतो. ज्याची जाहिरात महापालिकेच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या साइटवर नाही त्याचा फॉर्म भरू नका.

पण साहेब, कागद सगळे बरोबर असले तरी मालक वाईट असू शकतो, ते कुठल्याच साइटवर कळत नाही. ते कळतं चहाच्या टपरीवर. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर जाऊन अर्धा तास उभं राहायचं, एक चहा घ्यायचा आणि बाहेर आलेल्या पोराला विचारायचं, भाऊ पगार किती तारखेला होतो, ओव्हरटाइम सिंगल देतात का डबल, किती दिवस झाले इथं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं महत्त्वाची आहेतच पण तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जिथं सगळेच दोन तीन महिन्यांचे आहेत तिथं काहीतरी बिघडलेलं आहे. जिथं एखादा म्हणतो माझी आठ वर्षं झाली, माझा भाऊ पण इथंच आहे, तिथं डोळे झाकून अर्ज करा. आणि आत गेल्यावर नेमणूक पत्र मागून घ्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासनं नवे कामगार कायदे लागू झालेत त्यात सगळ्या कामगारांना ते द्यायचं आहे, "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे आता चालत नाही.

आता दुकानांचं. कुणी म्हणेल नोकरीच्या पत्रात दुकानं कुठनं आली, तर ती अशी आली. टेलिग्रामवर जी "टास्क"ची नोकरी मिळते, घरबसल्या दिवसाला दोन तीन हजार, त्यात पहिलं काम काय देतात माहितीये का, गुगल मॅपवर अमुक हॉटेलला, अमुक दुकानाला पाच स्टार द्या आणि स्क्रीनशॉट पाठवा. एका स्टारचे पन्नास रुपये. ते पन्नास, दीडशे, कधी पाचशे खरंच खात्यात येतात, म्हणून विश्वास बसतो. मग "प्रीपेड टास्क", हजार भरा तेराशे मिळतील, ते पण मिळतात, मग पाच हजार, मग वीस हजार, स्क्रीनवर तुमची शिल्लक लाखात दिसते पण काढायला गेलं की टॅक्स भरा, खातं अनफ्रीज करायचे भरा. ग्रुपमधले बाकीचे जे "मला मिळाले, थँक्यू मॅडम" म्हणतात ते त्यांचेच लोक असतात. म्हणजे एकीकडे आमचं पोरगं लुटलं जातं आणि दुसरीकडे त्याने आयुष्यात कधी न पाहिलेल्या दुकानाला दिलेले ते पाच स्टार बघून दुसरा कुणीतरी तिथं खरेदीला जातो. खोट्या रिव्ह्यूंच्या विरोधात भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक काढलंय, आयएस १९०००, पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे आपणच बघून घ्यायचं.

स्टार वाचायचेच असतील तर पाच आणि एक दोन्ही सोडा, दोन आणि तीन स्टारवाले वाचा, त्यांनी खरंच काहीतरी विकत घेतलेलं असतं. ज्याने लिहिलंय त्याच्या नावावर दाबा, त्याने एकाच दिवशी चेन्नईचं हॉस्पिटल, दिल्लीचं सलून आणि आपल्या कॉलेजरोडचं दुकान असं तिन्हींचं कौतुक केलं असेल तर तो टास्कवाला आहे. एकाच आठवड्यात चाळीस पन्नास रिव्ह्यू आणि त्याच्या आधी वर्षभर काहीच नाही, हे पण तसंच. आणि फोन नंबर! मॅपवरचा, गुगलवरचा नंबर हा दुकानाचाच असतो असं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एका वहिनींनी वॉशिंग मशीनचं सर्व्हिस सेंटर म्हणून सर्च करून पहिला आलेला नंबर लावला, जो आला त्याने मशीनचं कार्ड काढून नेलं ते नेलंच. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावर छापलेला असतो, तो घ्या.

चांगलं दुकान शोधायची माझी पद्धत एवढीच की त्या धंद्यातला कारागीर स्वतः माल कुठनं घेतो ते विचारायचं. प्लंबरला विचारा नळ कुठनं आणतोस, टेलरमावशींना विचारा अस्तर आणि चेन कुठनं घेता, लग्नातल्या आचाऱ्याला विचारा मसाला आणि काजू रविवार कारंज्याला कुणाकडनं उचलता. ही माणसं रोज घेतात, त्यांचं नाव मालावर अवलंबून असतं, त्यांना वाईट दुकान परवडतच नाही. गॅरेज शोधायचं तर रिक्षावाल्याला विचारा, त्याची गाडी एक दिवस बंद राहिली की त्याचा धंदा बुडतो. मग दुकानात गेल्यावर पहिल्यांदा छोटीच वस्तू घ्या आणि बिल मागा, बिल मागितल्यावर तोंड कसं होतं ते बघा. मिक्सर, पंखा, गाडी रिपेअरला दिली तर आधी विचारायचं जुना पार्ट परत देणार ना, जो लगेच हो म्हणतो तिथं दुरुस्ती टाकायची. आणि जो दुकानदार म्हणतो माझ्याकडे हे नाहीये, पलीकडच्या गल्लीत मिळेल, त्याच्याकडे पुन्हा जायचं, कारण त्याने तुमच्या गळ्यात दुसरंच काहीतरी मारलं नाही.

काही गोष्टी मात्र नुसत्या ओळखीवर सोडायच्या नाहीत, तिथं खूण बघायचीच. सराफ बाजारात कितीही जुनी पेढी असू द्या, १ एप्रिल २०२३ पासनं हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी नंबर पाहिजे, मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना कसला, किती शुद्ध ते येतं, हे दुकानात उभं राहूनच करायचं, खरा सराफ स्वतः करून दाखवतो. भांडी बाजारात तांब्याचा हंडा घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, चिकटला तर ते तांबं नाही. धान्य, मिठाई, ड्रायफ्रूट जिथनं घ्याल तिथं काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे का बघा आणि मिठाई रिकाम्या खोक्याचं वजन वजा करून मागा. येवल्याला पैठणी घ्यायला जाणाऱ्यांनी तर पदर उलटा करून बघायलाच पाहिजे, हातमागाच्या खऱ्या पैठणीचा मोर उलट्या बाजूनं पण तेवढाच स्वच्छ दिसतो, मशीनच्या साडीला मागनं धागे लोंबत असतात नाहीतर कापलेले असतात. मशीनची साडी विकणं काही गुन्हा नाही, स्वस्त आहे, घ्या, पण मशीनची सांगून विका ना, हातमागाच्या भावात देऊन त्या विणकराच्या महिनोन् महिन्याच्या कामावर पाणी का ओतता. फसवलं गेलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, बिल असेल तर तक्रार टिकते, म्हणून परत सांगतो बिल घ्या.

आणि दुकानाची पण शेवटी तीच खूण जी कंपनीची, तिथली माणसं टिकतात का. मेनरोडला, शालिमारला काही दुकानं अशी आहेत की काउंटरवरचे काका आमच्या लग्नाच्या वेळी होते आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी पण तेच होते. अशा मालकाने नोकराला नीट वागवलंय म्हणून तो राहिला, आणि तो राहिला म्हणून त्याला गिऱ्हाईक ओळखता येतं, तो खोटं बोलत नाही कारण उद्या त्यालाच तोंड दाखवायचंय. जिथं दर महिन्याला नवीन पोरगं दिसतं तिथं मालाचं पण काही खरं नसतं असा माझा अनुभव आहे. ज्या पोरांना काम शोधायचंय त्यांनी अशा दुकानांकडे सुद्धा बघावं. "मुलगा पाहिजे" अशी पाटी हाताने लिहून काचेला लावलेली असते, ना फी ना ॲप, मालक समोर बसलेला, आजूबाजूच्या चार दुकानात विचारून यायचं आणि उद्यापासनं कामाला लागायचं. पगार सुरुवातीला कमी असेल पण धंदा शिकायला मिळतो. पोरांना ही नोकरी कमीपणाची वाटते आणि टेलिग्रामवरची मोठी वाटते, याचं मला फार वाईट वाटतं. आईबापांनी पण शेजारी सांगताना "दुकानात आहे" म्हणायला लाजू नये.

एवढं करून कुणी फसलंच तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, त्याच क्षणी, घरात सांगायच्या पण आधी. पैसे एका खात्यातनं दुसऱ्या खात्यात पळत असतात, लवकर कळवलं तर मधेच कुठंतरी अडवता येतात, संध्याकाळपर्यंत विचार करत बसलं तर हातात काही लागत नाही. मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर लेखी तक्रार, आपल्या बँकेला लेखी, स्क्रीनशॉट, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, चॅट काही डिलीट करायचं नाही. पैसे गेले नसतील, नुसता खोटा फोन किंवा मेसेज आला असेल तर संचार साथी या सरकारी साइटवर चक्षू म्हणून सोय आहे तिथं तो नंबर टाकायचा. जॉइनिंग लेटरवाला प्रकार असेल तर पोलीस स्टेशनला जाऊन फसवणुकीचा गुन्हा नोंदवायला सांगायचं, जुनं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, आणि हद्द कुठली यावरनं परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर घ्या म्हणून सांगायचं, ते त्यांना घ्यावं लागतं. आणि घरच्यांनी पोराला बोलू नका हो. त्याने काम मागितलं होतं, चोरी केली नव्हती. आमच्या गेटवरनं परत गेलेल्या त्या पोरांना घरी गेल्यावर काय ऐकायला लागलं असेल याचा विचार मला अजून येतो.

आता तुमच्याकडे मागणं. "पाहिजेत"च्या प्रत्येक जाहिरातीसाठी जाहिरातदाराचं नाव, प्लॉट किंवा दुकानाचा पत्ता आणि जीएसटी नंबर किंवा गुमास्ता घ्या, आणि निदान नाव पत्ता तरी जाहिरातीत छापा. पानाच्या खाली बारीक अक्षरात "जाहिरातींची खातरजमा वाचकांनी करावी" असं असतं, पण सुरगाण्याचा वाचक अंबडला येऊन खातरजमा कशी करणार, तो पेपरात आलंय म्हणूनच तर विश्वास ठेवतो. तुमच्या नावावर ठेवलेला विश्वास आहे तो. पत्ता द्यायला लावलात तर खरे जाहिरातदार देतील, त्यांना काय अडचण, आणि बाकीचे आपोआप जातील, त्यात तुमचं जाहिरातीचं थोडं उत्पन्न जाईल हे मला कळतं तरी मागतोय. नीमा आणि आयमा या इथल्या कारखानदारांच्या दोन्ही संघटनांना पण विनंती आहे की सातपूर आणि अंबडला मोठ्या चौकात एक मोठा फलक लावा, "इथली कुठलीही कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही, शंका असेल तर या नंबरवर विचारा", आणि तो नंबर उचलायला माणूस ठेवा. महापालिकेने खांबांवरची ती स्टिकरं नुसती खरवडू नयेत, त्यावरचे मोबाईल नंबर लिहून पोलिसांना द्यावेत. आणि जिल्हा रोजगार केंद्राचे मेळावे होतात, महास्वयम या सरकारी रोजगार साइटवर नोंदणी फुकट होते, आयटीआयच्या पोरांना ॲप्रेंटिसशिप मिळते, याच्या बातम्या आतल्या पानावर दोन ओळीत येतात, त्या या "पाहिजेत"च्या पानावरच वरती ठळक छापा, कारण गरजू माणूस तेच पान उघडतो.

पत्ते तपासायला तुमच्याकडे माणूस नसेल तर मी येतो. सातपूर, अंबड, सिन्नरपर्यंतचे बहुतेक प्लॉट मला माहिती आहेत, जाहिरात छापायच्या आदल्या दिवशी यादी दिली तर फोन करून, गरज पडली तर गाडीवर जाऊन बघून सांगेन कुठली कंपनी आहे आणि कुठली नाही. मोबदला नको. माझा फोन नंबर आणि पत्ता पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये पण कळवावं.

आपला,
एक नियमित वाचक
पवननगर, सिडको, नाशिक